बुडणारा कापूस

"तीस रुपये? अहो, ह्या कंदिलाची काच तुमच्यापेक्षा म्हातारी हाय," समाधान म्हणाला आणि कंदील ढिगावर ठेवून त्याने सरळ पाठ फिरवली. मागून 'पंधरा' असा आवाज आला तेव्हाच तो वळला. पोरगं अकरा वर्षांचं, पण घासाघिशीत त्याने बाजारातल्या जुन्याजाणत्या बायकांना पाणी पाजलं असतं.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते आणि शाळा उघडायला अजून दहा दिवस होते. समाधान, त्याची थोरली बहीण यशोधरा आणि यशोधराची वर्गमैत्रीण सहर, या तिघांनी सुट्टीत वाचनालय काढायचं ठरवलं होतं. बुद्धविहारामागची एक रिकामी खोली निवृत्त शिक्षक आबासाहेब गुरुजींनी त्यांना मिळवून दिली होती. घरोघर फिरून साठ पुस्तकं जमली होती. आता बसायला काहीतरी, खिडकीला पडदा आणि वीज गेल्यावर कंदील एवढं हवं होतं. खाऊच्या पैशांत हे सगळं मिळेल अशी वडवणीत एकच जागा होती, बसस्थानकामागचं बिभीषणचं जुन्या मालाचं दुकान.

पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये शंभर घरांचे मोडके संसार येऊन पडले होते. शर्टांचा ढीग, साड्यांचा ढीग, कुकर, पाट, पंखे, खुर्च्या. यशोधरा स्टीलच्या ताटांवर कोरलेली नावं वाचून हसत होती. 'मामाकडून भाचीस सप्रेम भेट' हे ताट इथं आलेलं मामाला कळलं, तर तो जन्मात भाचीच्या दारी जाणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

सहरला मात्र हसू येत नव्हतं. तिने उचललेल्या पहिल्याच कोटाच्या खिशातून केसांच्या गुंत्यासकट कंगवा निघाला. एका सदऱ्याची कॉलर घामाने काळी आणि चिकट झालेली. एका डब्याच्या झाकणाच्या खाचेत कोणाची तरी जुनी भाजी वाळून बसलेली. सहरने ओढणी नाकाला लावली ती काढलीच नाही. जुनं वापरायची तिला लाज नव्हती. तिचं निम्मं कपाट थोरल्या बहिणीच्या कपड्यांनीच भरलेलं होतं. पण विकायच्या आधी निदान धुवावं तरी, एवढंच तिला वाटत होतं.

धुण्याचा आणि बिभीषणचा काही संबंध नसावा. स्टुलाशेजारी तेलाचा रिकामा डबा ठेवून तो दर दोन मिनिटांनी त्यात थुंकायचा, तोंड हाताने पुसायचा आणि त्याच हाताने गिऱ्हाइकाला माल द्यायचा. डब्याच्या काठावर तपकिरी लाळेची तार लोंबत होती. सहरने तिकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

"आता बसायला गादी घ्या," बिभीषण म्हणाला. "ही जुनी न्हाई हं. खोळ नवी, कापूस नवा. आन् पिंजलाय कुणी? हबीबचाचानं! ही पोरगी त्यांचीच नात न्हवं का?"

सहरची ओढणी नाकावरून खाली आली ती तेव्हा. हबीब म्हणजे सहरचे आजोबा. ती त्यांना दादा म्हणायची. आसपासच्या दहा गावांत पिंजारी म्हणून तेवढेच उरले होते. दुकानात फोमच्या गाद्या आल्यापासून त्यांचं यंत्र महिनेच्या महिने झाकून पडायचं. पण या दिवाळीला त्यांना मोठं काम मिळालं होतं. गावातली माणसं ऊस तोडायला कारखान्यावर गेली की मागे राहणाऱ्या त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह उघडायचं. त्याची व्यवस्था आबासाहेब गुरुजींकडे होती आणि त्यांनी बिभीषणला चाळीस गाद्या सांगितल्या होत्या. कापूस बिभीषणचा, पिंजण आणि शिलाई दादांची. कित्येक वर्षांनी दादा रोज सकाळी शीळ घालत कामाला बसत होते.

समाधानने वीस मिनिटं भांडून गादी निम्म्या भावात आणली, आणि दादांचं काम म्हणून सहरने ती स्वतःच्या डोक्यावर घेतली.

खोली झाडून झाल्यावर समाधानला फरशी धुवायची हुक्की आली. बादली उचलताना त्याचा पाय घसरला आणि निम्मी बादली गादीवर उपडी झाली. यशोधराने त्याला धुपाटण्यापासून धोंड्यापर्यंत सगळ्या उपमा दिल्या. सहर मात्र गादीकडे बघत राहिली. पाणी ओघळलंच नाही. वाळूत मुरावं तसं ते क्षणात आत गेलं.

मग वास सुटला.

आधी फिनेलसारखा, त्यामागून कुजक्या मांसासारखा. समाधान नाक दाबून दारात पळाला. सहर लहानपणापासून दादांच्या पिंजणाच्या खोलीत कापसाशी खेळलेली होती. ओला कापूस असा घाण मारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने यशोधराची शिवणाची कात्री घेतली आणि कडेचे टाके उसवले.

आत कापूस होता, पण कसला! कुठे पिवळट, कुठे राखाडी, कुठे वाळलेल्या तपकिरी डागांचे गोळे. त्यात जाळीच्या कापडाचे दोरे गुंतलेले. सहरने चिमटीने एक पट्टी ओढली. ती चिकटपट्टी निघाली, आणि तिला मनगटावरचे असावेत तसे तीन-चार काळे केस अजून चिकटलेले होते. तिच्या मधोमध पुवाचा वाळलेला चट्टा होता.

समाधान बाहेर लिंबाखाली ओकला. यशोधराही भिंतीला टेकून मोठमोठे श्वास घेत राहिली. ही गादी आपण डोक्यावर घेऊन आलो हे आठवताच सहरने नळाखाली डोकं धरलं.

थोड्या वेळाने यशोधराने डोकं चालवलं. विहाराच्या कुंपणापलीकडे कपाशी फुटलेली होती. तिने एक बोंड तोडून सरकी काढली आणि तो कापूस तांब्यातल्या पाण्यावर ठेवला. तो बदकासारखा तरंगत राहिला. गादीतला आतल्या बाजूचा जरा स्वच्छ गोळा काडीने उचलून दुसऱ्या तांब्यात टाकला. तो दहा आकडे मोजायच्या आत तळाला गेला.

"शेतातल्या कापसाला तेलकटपणा असतो, म्हणून तो भिजत न्हाई," यशोधरा म्हणाली. "दवाखान्यातल्या कापसाचा तो काढून टाकतात, रक्त शोषून घ्यावं म्हणून. हा दवाखान्याचा कापूस हाय. वापरून फेकलेला."

यशोधराचं म्हणणं होतं की आत्ताच्या आत्ता गुरुजींकडे जायचं. परवा सकाळी चाळीस गाद्या वसतिगृहात पोचणार होत्या. पण सहरने तिचा हात धरून तिला थांबवलं. गादी दादांनी पिंजलेली होती. गाव बिभीषणला चार शिव्या देऊन विसरून जाईल, पण हबीब पिंजाऱ्याने पोरांच्या अंगाखाली पू भरला हे कोणी विसरणार नाही. तिने दोघांकडे एक दिवस मागून घेतला.

दादांच्या पत्र्याच्या खोलीत यंत्र घरघरत होतं आणि हवेत कापसाचं पांढरं धुकं भरलं होतं. दादांनी तोंडावर फडकं बांधलं होतं. यंत्र बंद झाल्यावर सहरने आडून आडून विचारलं, हा कापूस कसला, कुठून येतो. दादा म्हणाले, असेल कुठल्या लॉजच्या जुन्या गाद्यांतला. मग तो असा पिवळा का, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी फडकं सोडलं आणि तिला जवळ बसवलं.

"बेटा, पिंजाऱ्याकडं माणूस आपलं अंथरूण घिऊन येतो. कुणाच्या गादीत लपवलेले पैसे निघतेत, कुणाच्या चिठ्ठ्या. कुणाचं पोरगं रोज गादी ओली करतं, कुणाचा म्हातारा कसा गेला, समदं आपल्याला कळतं. माझ्या बापानं पहिल्या दिवशी सांगितलं, गादीतलं गादीत ठेवायचं. इचारायचं न्हाई, बोलायचं न्हाई. म्हणून तर लोक आपल्या हातात अंथरूण देतेत."

एवढं बोलून त्यांनी तसाच हात पायजम्याला पुसला, भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली. नखांत पिवळट तंतू अडकलेले होते. सहरने घास तोंडात घातला, पण तो गिळवेना. ज्या हातांनी तिला चालायला शिकवलं, त्या हातांची तिला किळस आली, आणि त्याहून जास्त किळस स्वतःची आली. मागच्या दारी जाऊन तिने घास थुंकून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनी मोहीम काढली. नुसती एक गादी दाखवली तर बिभीषण हात झटकणार, म्हणून माल कुठून येतो ते पाहायचं ठरलं. समाधानने पुढच्या बाजूला बिभीषणला गुंतवून ठेवायचं, आणि मुलींनी नाल्याकडून मागच्या अंगाला जायचं. समाधानने कुकरचं एक झाकण निवडलं आणि भाव विचारला. मग शिट्टी वाजते का, रबर कुठे आहे, झाकणावर ज्याचं नाव आहे तो माणूस जिवंत आहे का, असे एकेक प्रश्न काढत तो बसला.

नाल्यात काळं पाणी साचलं होतं. चपला हातात घेऊन मुली त्यातून गेल्या. पायाखाली काहीतरी मऊ लागत होतं आणि ते काय हे पाहायची दोघींनाही हिंमत नव्हती. शेडच्या मागे पत्र्यांवर कापूस वाळत घातलेला होता. कावळे त्यातलं टोचून टोचून खात होते. शेजारच्या टाकीत पांढरट पाणी, त्यावर गुलाबी फेस. आणि भिंतीला लागून पिवळ्या पिशव्यांची रास. सरकारी दवाखान्यात लस घ्यायला गेल्यावर अशी पिशवी त्यांनी पाहिली होती. नर्सबाईंनी सांगितलं होतं, हिच्यातलं जाळून टाकतात, हात लावायचा नाही. इथे त्या फाडून उपड्या केल्या होत्या. पट्ट्या, बोळे, रबरी हातमोजे. एका हातमोज्यात पाणी भरून तो फुगला होता, माणसाचा तुटलेला हात पडावा तसा.

यशोधराने घरून आणलेल्या फोनवर फोटो काढले. सहरने काठीने एक रिकामी पिवळी पिशवी आपल्या कापडी थैलीत ढकलली. तेवढ्यात पुढून समाधानचा आवाज मोठा झाला.

"अहो काका, मागं कुठं निघालात? सत्तर देतो की! बरं पंच्याहत्तर!"

पळायला वेळच नव्हता. दोघी वाळत घातलेल्या खोळींच्या मागे अंग चोरून बसल्या. बिभीषण आला, टाकीत डोकावला आणि त्यातच पचकन थुंकला. मग फोन लावून कोणाला तरी सांगू लागला की उद्या सकाळी माल पोचला की झालं, पोरं काय तक्रार करणार, त्यांचे आईबाप तर चार महिने गावात नसतील. सहरच्या पायावरून एक झुरळ पोटरीपर्यंत चढलं. तिने दात आवळले आणि हलली नाही.

समाधान हातात झाकण घेऊन बिभीषणच्या मागे येऊन ठेपला, आणि ऐंशीला घेतो पण शिट्टी वाजवून दाखवा म्हणाला. बिभीषणने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दंड धरून त्याला पुढे नेलं. मुली नाल्यातून धावत सुटल्या.

संध्याकाळच्या आत सहर दादांपुढे उभी राहिली. या वेळी आडून विचारलं नाही. पिवळी पिशवी, फोटो आणि केस चिकटलेली पट्टी तिने त्यांच्यापुढे मांडली आणि सगळं सांगितलं. दादांनी पट्टी उजेडात धरली आणि खाली ठेवली. मग उठले, तिच्याकडे पाठ केली आणि उरलेल्या दोन गाद्यांना टाके घालू लागले. तिने दोनदा हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

सकाळी वसतिगृहाच्या अंगणात जत्रा भरली होती. बाहेर ट्रॅक्टर उभे होते. त्यांच्यावर भांडीकुंडी, शेळ्या, सरपणाच्या मोळ्या चढवून झाल्या होत्या. आया लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या भिवराबाई एकेकाला आत नेत होत्या. तेवढ्यात बिभीषणचा टेम्पो आला. मागे गाद्यांच्या थप्पीवर दादा बसले होते. 

आबासाहेब गुरुजी खुशीत होते. निम्म्या किमतीत काम झाल्याचं ते आलेल्या पाहुण्यांना सांगत होते. पहिली गादी खाली उतरली तशी एक चार-पाच वर्षांची पोरगी धावत आली आणि तिच्यावर पालथी पडून गाल घासू लागली.

सहरने पुढे होऊन तिला उचललं.

"गुरुजी, ह्या गाद्या आत नेऊ नका," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "ह्यात दवाखान्यातल्या पट्ट्या भरल्यात. रक्ताच्या, पुवाच्या. आमी डोळ्यांनी पाहिलंय. आन् त्या माझ्या दादांनीच पिंजल्यात."

सगळ्यांच्या माना टेम्पोकडे वळल्या. यशोधराने फोन गुरुजींच्या हातात दिला. चष्मा शोधण्यात त्यांचा वेळ गेला, आणि तेवढ्यात बिभीषण सावरला. फोटो कुठलेही असतील, म्हणाला. ही पोरं काल दुकानात चोरी करायला आली होती, म्हणाला. मग तो टेम्पोकडे वळला.

"मी खोटा आसंन. पर हबीबचाचा तर कुणाचं वाईट बोलत न्हाईत. त्यांनाच इचारा की. चाचा, सांगा बरं, कापसात काय होतं?"

त्याला पिंजाऱ्याचा रिवाज ठाऊक होता. म्हणूनच त्याने हे काम मोठ्या शहरात न देता हबीबला दिलं होतं.

दादा सावकाश खाली उतरले. सहरकडे त्यांनी पाहिलं नाही. खिशातून टाके उसवायचा चाकू काढला, समोरच्या गादीच्या एका टोकाला लावला आणि दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेला. गादी पोट फाडल्यासारखी उघडली. त्यांनी आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. पट्ट्यांचे तुकडे, तपकिरी गोळे, एका सलाईनच्या नळीचं टोक. सगळं त्यांनी अंगणात टाकलं. उन्हात तो वास वर आला तशा बाया पदर तोंडाला लावून मागे सरल्या. एका बापाने आपल्या लेकराला असं ओढलं की ते रडायलाच लागलं.

"पोरीनं सांगितलं ते खरं हाय," दादा म्हणाले. "पन्नास वर्षं गादीतलं गादीत ठिवलं. हे बी ठिवलं. माझ्या हाताला पहिल्या पोत्यातच कळलं होतं. तोंडाला कळू दिलं न्हाई. काम लई दिसांनी आलं होतं."

ते तिथेच खाली बसले.

बिभीषण टेम्पोकडे पळाला, पण चावी समाधानच्या मुठीत होती. गादी फाटताना सगळे तिकडे बघत असताना त्याने ती काढून घेतली होती. ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या कड्यातून बिभीषणला बाहेर पडता आलं नाही. पोलीस आले, आरोग्य खात्याची माणसं आली. तोंडाला दोन-दोन फडकी बांधून त्यांनी पिवळ्या पिशव्या मोजल्या आणि शेडला कुलूप लावलं. बाहेरगावच्या ज्या दवाखान्यांतून हा कचरा गुपचूप यायचा, त्यांची नावं बिभीषणने दुपारपर्यंत भडाभडा सांगून टाकली.

गुरुजींनी तिघांना सगळ्यांपुढे उभं केलं. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण एक गादी उसवून पाहायचं सुचलं नाही, स्वस्ताला भुललो, असं ते मोकळेपणाने म्हणाले. "शाबास" म्हणत त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. टोळीवर निघालेल्या माणसांनी जायचा मुहूर्त एक दिवस पुढे ढकलला. कोणाच्या घरी पाच किलो, कोणाच्या घरी दहा, असा वेचणीचा, सरकी काढलेला कापूस गोळा झाला. पण तो पिंजायचा कोणी?

दादा खोलीत दार लावून बसले होते. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला होता आणि पुन्हा बोलावणार होते. पण त्यांना त्याची एवढी चिंता नव्हती. सहर पाणी घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले की आता यंत्र भंगारात घालायचं. एक तर आपण घाण पिंजली. वर चारचौघांत गादीतलं बोललो. अशा पिंजाऱ्याला कोण अंथरूण देईल?

सहरने तांब्या खाली ठेवला. तिने त्यांचे हात धरले, बादलीत बुडवले आणि साबणाने घासू लागली. नखं, पेरं, मनगटं. पाणी तीनदा बदललं.

बाहेर कोणीतरी दारावर धपाधप थापा मारल्या. भिवराबाई होत्या. डोक्यावर जुनीपानी गादी, मागे गुरुजी, कापसाची गाठोडी घेतलेली माणसं, यशोधरा आणि समाधान. बाईंनी गादी दारातच आपटली. अशी काही दुर्गंधी उठली की समाधान पुन्हा ओकायला एखादं झाड शोधू लागला.

"हबीबभाई," भिवराबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या गादीत माझा नातू तीन वर्षं मुतलाय. मांजर दोनदा व्यालीय. समद्या गावाला खुशाल सांगा. वसतिगृहाचं काम झालं की हिला हात लावा, तवर मी हिला इथून हलवत न्हाई."

हसता हसता लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादांनी ओले हात पुसले, यंत्रावरचं फडकं ओढून काढलं आणि आधी यंत्र घासूनपुसून घ्यायला सुरुवात केली. सहरने नाकाला ओढणी बांधली, भिवराबाईंच्या गादीचं एक टोक धरलं, आणि दुसरं टोक धरायला यशोधराला हाक मारली.